एका दिवसाचे यश, रोजचा प्रश्न

(संत गाडगेबाबा यांच्या स्मृतिनिमित्त बडनेरा येथे दिलेले व्याख्यान)



गाडगेबाबांच्या स्मृतीच्या व्याख्यानात मी आकड्यांवर बोलणार आहे हे कळल्यावर संयोजकांपैकी एकांनी हळूच विचारले, "सर, लोकं बसतीन ना?" मला वाटते बसतील. बाबांच्या कीर्तनाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. ते समोरच्या माणसाला प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करता का, पोरांना शाळेत घालता का, असे साधे घरातले प्रश्न असत. उत्तर देता देता माणूस आपल्याच घराकडे नव्याने पाहू लागे. मी ज्या कामाबद्दल बोलणार आहे तेही दाराशी जाऊन प्रश्न विचारण्याचेच काम आहे. प्रश्न बाईला विचारायचे: तुझी किती बाळंतपणे झाली, कुठे झाली, लेकराला कोणत्या लशी दिल्या, तू काल काय खाल्लेस. या कामाचे नाव राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत त्याला एनएफएचएस म्हणतात.

मला आज जे सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्राने बाळंतपणाचा दिवस जिंकला. बाई दवाखान्यात पोहोचली, आई आणि मूल त्या दिवशी वाचू लागले. पण त्या दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे दिवस, म्हणजे बाईचे रोजचे जेवण, तिची विश्रांती, तिच्या अंगातले रक्त, लेकराचे वजन, ही सगळी गाडी होती तिथेच उभी आहे. हा माझा ग्रह नाही. हजारो बायांनी दाराशी दिलेल्या उत्तरांची बेरीज हेच सांगते. ती बेरीज कशी होते, तिच्यावर कितपत विश्वास ठेवायचा आणि ती वाचून आपण काय करायचे, एवढाच आजचा विषय.

दारापर्यंतचा रस्ता

माणसे मोजण्याची जुनी सवय जनगणनेची. पण जनगणना डोकी मोजते. लेकरू का दगावले, बाईने किती दिवस लोहाच्या गोळ्या घेतल्या, हे ती विचारत नाही. त्यासाठी निवडक घरांत जाऊन सविस्तर बोलावे लागते. महाराष्ट्रात हे काम स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू झाले. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यात केलेले जनन-मृत्यूचे सर्वेक्षण गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९५३ साली प्रसिद्ध केले. पुढे १९५६ साली भारत सरकार, सर दोराबजी टाटा ट्रस्ट आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या सहकार्याने मुंबईत लोकसंख्याशास्त्राचे शिक्षण देणारी संस्था निघाली. आज ती देवनारला आहे आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. त्याच वर्षी, २० डिसेंबरला, आपले बाबा वलगावजवळ प्रवासातच गेले.

या देवनारच्या संस्थेकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम सोपवले. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली, दुसरी १९९८-९९, तिसरी २००५-०६, चौथी २०१५-१६ आणि पाचवी २०१९-२१ मध्ये. सहाव्या फेरीचे घरोघरचे काम २०२३-२४ मध्ये झाले. पहिल्या दोन फेऱ्यांत फक्त विवाहित किंवा कधीतरी विवाह झालेल्या बायांना प्रश्न विचारले जात. तिसऱ्या फेरीत अविवाहित मुली आणि पुरुषही आले, एचआयव्हीची तपासणी आली आणि देशातल्या आठ शहरांच्या झोपडपट्ट्यांचा वेगळा नमुना घेतला गेला. त्या आठांत आपले नागपूर होते. त्यानंतर दहा वर्षे खंड पडला. चौथ्या फेरीत पहिल्यांदा प्रत्येक जिल्ह्याचा आकडा या सर्वेक्षणातून मिळू लागला; तोवर जिल्ह्यांसाठी वेगळे जिल्हास्तरीय सर्वेक्षण होत असे. पाचव्या फेरीत देशभरातली ६ लाख ३६ हजार ६९९ घरे, ७ लाख २४ हजार ११५ स्त्रिया आणि १ लाख १ हजार ८३९ पुरुष होते. महाराष्ट्रातली घरे होती साडेएकतीस हजारांच्या वर.

दाराशी काय घडते

कोणते गाव किंवा शहरातली कोणती गल्ली घ्यायची हे स्थानिक माणूस ठरवत नाही. ज्या गावाची लोकसंख्या जास्त त्याची निवड होण्याची शक्यता जास्त, अशा हिशेबाने चिठ्ठी निघते. मग त्या गावातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्या घरांचा नकाशा आणि यादी करतात आणि यादीतून ठरावीक अंतराने २२ घरे निवडतात. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचे घर घेऊन काम भागवता येत नाही; पुन्हा यावे लागते. हा नियम वरवर हट्टी वाटतो, पण त्यात शहाणपण आहे. निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कोण सापडते? जिला मजुरीला जावे लागत नाही ती. जी शेतात आहे तिचे घर वगळले तर मजूर बाईचे हाल आकड्यात येणारच नाहीत.

पथकात एक पर्यवेक्षक, तीन स्त्री-मुलाखतकार, एक पुरुष मुलाखतकार, दोन आरोग्य तपासनीस आणि गाडीचा चालक असतो. हातात कागदांच्या गठ्ठ्यांऐवजी आता छोटा संगणक आहे. आरोग्य तपासनीस उंची-वजन घेतात, रक्तदाब पाहतात, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात. लहान लेकराची लांबी मोजणे सर्वांत अवघड. पाटावर आडवे केलेले लेकरू पाय आखडते, रडून घर डोक्यावर घेते आणि आजी म्हणते, "राहू द्या न माय, लेकरू भेलं." दोन सेंटिमीटरची चूक झाली तरी ते मूल खुरट्यांच्या यादीत जाते किंवा यादीतून सुटते. म्हणून मोजणारा हात शिकलेला असावा लागतो.

प्रश्नांतला अगदी सुरुवातीचा एक प्रश्न असा: काल रात्री या घरात कोण कोण झोपले होते? पाचव्या फेरीनंतर या प्रश्नाने मोठा गोंधळ उडवला. देशात हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया झाल्या अशी बातमी आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण तो आकडा काल रात्री घरी झोपलेल्या माणसांचा. कामासाठी परगावी गेलेला, वसतिगृहात, बॅरेकमध्ये किंवा फलाटावर रात्र काढणारा पुरुष त्यात येत नाही. मुलगी जन्मू दिली जाते का हे कळायला जन्माच्या वेळचे प्रमाण पाहावे लागते. ते देशात ९२९ होते. महाराष्ट्रात ते चौथ्या फेरीत ९२४ होते, पाचव्या फेरीत ९१३ झाले. बडनेऱ्यासारख्या रेल्वे जंक्शनच्या गावाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या स्टेशनवर रोज उतरणारी आणि चढणारी किती माणसे काल रात्री आपल्या घरी झोपली नव्हती, हे तुम्ही पाहता.

दुसरा प्रश्न जड आहे. बाईला तिच्या प्रत्येक बाळंतपणाचा इतिहास विचारतात. मूल जिवंत जन्मले का? जन्मून नंतर गेले असे एखादे मूल आहे का, अगदी एकदा रडून गेलेले असले तरी? आपल्याकडे गेलेल्या लेकराचे नाव घेत नाहीत. विचारणारीला थांबावे लागते, पाणी मागावे लागते, मग पुन्हा विचारावे लागते. या उत्तरांतूनच राज्याचा बालमृत्यूदर निघतो. महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या वर्षात दगावणारी मुले पहिल्या फेरीत ५० च्या आसपास होती. पाचव्या फेरीत २३. नमुना नोंदणी पद्धती या सरकारच्याच दुसऱ्या यंत्रणेचा २०२० चा आकडा १६ आहे. दोन्हींत कुणी खोटे बोलत नाही. नमुना नोंदणी त्या एका वर्षाची असते, तर कुटुंब सर्वेक्षण मागच्या पाच वर्षांचे बोलते आणि आईच्या आठवणीवर चालते.

तिसरा प्रश्न नवऱ्याच्या हातून होणाऱ्या मारहाणीचा. त्यासाठी काही निवडक घरांतच, घरातली एकच बाई निवडतात आणि ती एकटी असेल तरच विचारतात. सासू दाराआड उभी असेल किंवा नवरा आत आला, तर तो भाग सोडून द्यायचा असा नियम आहे. महाराष्ट्रात असा छळ सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण चौथ्या फेरीत २१.३ टक्के होते, पाचव्या फेरीत २५.२ टक्के झाले. मार वाढला की सांगण्याचे धैर्य वाढले, हे हा आकडा एकटा सांगू शकत नाही. पण चारातली एक बाई अनोळखी मुलीसमोर हे बोलली, एवढे मात्र पक्के.

जिंकलेला दिवस आणि न हललेले दिवस

आता बेरजेकडे वळू. दवाखान्यातली बाळंतपणे महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होती. २०१५-१६ मध्ये ती ९०.३ टक्के झाली आणि २०१९ मध्ये ९४.७ टक्के. ज्या वऱ्हाडात आपल्या आज्या-पणज्या सुईणीच्या हातून घरच्या खोलीत बाळंत झाल्या, तिथे दोन पिढ्यांत हे घडले. जननी सुरक्षा योजनेचे पैसे, रुग्णवाहिका, आशाताईचा पाठपुरावा, रस्ते, मोबाइल, मुलींचे शिक्षण, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पूर्ण लसीकरण ५६.२ वरून ७३.५ टक्क्यांवर गेले. एका स्त्रीला सरासरी होणारी मुले पहिल्या फेरीत २.९ होती, पाचव्या फेरीत १.७ झाली. अठराच्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रिया २००५-०६ मध्ये ३९ टक्के होत्या, पाचव्या फेरीत २२ टक्के. बावीस हा आकडा लाजिरवाणाच आहे, पण तो खाली येतो आहे.

आता दुसरी बाजू. वयाच्या मानाने कमी वजनाची मुले महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये ३७ टक्के होती, २०१५-१६ मध्ये ३६ टक्के आणि २०१९ मध्ये ३६.१ टक्के. चौदा वर्षांत एक टक्क्याचाही फरक नाही. या काळात राज्याची संपत्ती अनेक पटींनी वाढली, समृद्धी महामार्गाची आखणी झाली, आणि लेकराचे वजन तिथेच राहिले. उंचीच्या मानाने हडकुळी मुले तर वाढली: १६.५ टक्क्यांवरून २५.६ टक्के, आणि पुढच्या फेरीतही २५.६. त्यातली तीव्र हडकुळी मुले चौथ्या ते पाचव्या फेरीत ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. खुरटेपणा २००५-०६ मधल्या ४६ टक्क्यांवरून ३४ वर आला होता, तो पुढे ३५ वर अडला. रक्त कमी असलेल्या स्त्रिया आधी ४८ टक्के होत्या, दहा वर्षांनंतरही ४८ टक्के आणि पाचव्या फेरीत ५४ टक्के.

हे दोन स्तंभ शेजारी ठेवा. पहिल्या स्तंभात एकदाच करायची कामे आहेत. बाईला एका दिवशी एका इमारतीत न्यायचे, लेकराला ठरलेल्या तारखेला सुई टोचायची. अशी कामे सरकारी यंत्रणा नेटाने करू शकते, कारण त्यांची तारीख असते, रजिस्टर असते आणि वर विचारणारा साहेब असतो. दुसऱ्या स्तंभात रोज करायची कामे आहेत. गरोदर सुनेच्या ताटात वरणाची दुसरी वाटी पडते का, सहा महिन्यांच्या लेकराला दिवसातून चार वेळा कोण भरवते, बाळंतिणीला किती दिवसांनी निंदणाला जावे लागते, नळाचे पाणी कसे आहे. यांना तारीख नाही, रजिस्टर नाही. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत साधारण हजार दिवस होतात. त्यातला एक दिवस आपण उत्तम सांभाळला.

कुटुंब नियोजनाचे आकडे हेच सांगतात. महाराष्ट्रात ४९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुष नसबंदी अर्धा टक्कासुद्धा नाही. एका दिवसाचे काम होते तिथेही ते बाईच्याच अंगावर पडले.

वऱ्हाडापुरते एक निरीक्षण जोडतो. नव्वदच्या दशकापासून आपल्या शेतातली ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन पसरले. ज्वारी विकली तरी घरात कणगी राहत असे. तिची भाकर, तिची आंबील ताटात येई. सोयाबीन अडत्याकडे जाते आणि त्याचे पैसे आधी कर्जाला, मग बियाण्याला. सर्वेक्षण पिके विचारत नाही, म्हणून याचा थेट पुरावा त्यात शोधू नका. पण सहा ते तेवीस महिन्यांच्या लेकराला काल काय काय खाऊ घातले हे ते विचारते, आणि पुरेसा, निरनिराळ्या तऱ्हेचा आहार मिळणारी मुले महाराष्ट्रात फार थोडी निघतात.

आकड्यांवरच्या शंका

इथे कुणी उठून विचारेल, हे आकडे खरे कशावरून? प्रश्न रास्त आहे आणि त्याला तीन भागांत उत्तर देतो.

पहिली शंका रक्ताची. पाचव्या फेरीपर्यंत सर्वेक्षणात बोटाच्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजत. थेंब यावा म्हणून बोट दाबले की आतला पाण्यासारखा द्रव रक्तात मिसळतो आणि वाचन कमी येऊ शकते. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले होते. त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांतला रक्तक्षय ४१ टक्के निघाला. कुटुंब सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तो देशात ६७ टक्के आणि महाराष्ट्रात ६९ टक्के आहे. वयोगट सारखे नसले तरी अंतर मोठे आहे. या वादामुळेच सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिनची तपासणी काढून ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे दिली गेली. शिवाय रक्त कमी आहे एवढे हा थेंब सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही. विदर्भात सिकलसेल आहे, जंत आहेत, ब-१२ ची कमतरता आहे; सगळ्यांवर लोहाची गोळी हा एकच इलाज नव्हे. तेव्हा ६९ टक्क्यांवर शपथ घेऊ नका. पण सर्वांत सौम्य आकडा धरला तरी दर पाचांतली दोन लेकरे उरतात.

दुसरी शंका अशी: आपली माणसे मुळात लहान चणीची, मग परदेशी मापे कशाला? हा वाद जुना आणि आपल्याच मातीतला आहे. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, माणसाचे शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून सरासरी उष्मांकापेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरणे चूक आहे. वि. म. दांडेकरांना ते पटले नाही आणि दोघांचा वाद नामांकित नियतकालिकांतून रंगला. मुलांच्या वाढीपुरते उत्तर २००६ साली मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत नीट खाणाऱ्या, आईचे दूध मिळणाऱ्या मुलांची वाढ मोजली. भारतातली मुले दक्षिण दिल्लीची होती. पहिल्या पाच वर्षांत सहाही देशांतली मुले जवळजवळ सारखीच वाढली. पोट भरले आणि आजार आवरला तर आपले लेकरूही नॉर्वेच्या लेकराइतके उंच होते.

तिसरी शंका मोसमाची. महाराष्ट्रात पाचव्या फेरीचे काम २०१९ च्या पावसाळ्यापासून पुढे चालले. पावसाळा म्हणजे हगवण, ताप आणि रिकामी कणगी. त्या दिवसांत लेकरे वाळतात, म्हणून हडकुळेपणाचा आकडा दोन फेऱ्यांत ताडताना मोसम पाहावा लागतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: महाराष्ट्राचे काम करोनाच्या आधी झाले. तेव्हा या आकड्यांचे खापर टाळेबंदीवर फोडता येत नाही.

अमरावतीची सरासरी आणि मेळघाट

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख ८८ हजार. चौदा तालुके. सर्वेक्षणात देशातल्या जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरे येतात. एवढ्या घरांवरून जिल्हा कळतो का? शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो आणि ती चुकत नाही. पण त्यासाठी भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा. आपल्या जिल्ह्याच्या हंडीत धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातले दोन तालुके आच न लागलेल्या कडेला आहेत. त्यांची लोकसंख्या सुमारे तीन लाख, म्हणजे जिल्ह्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी. त्या हिशेबाने नऊशेतली नव्वदएक घरे, म्हणजे चार-पाच गावे मेळघाटातली. तीही मग मोर्शी-वरुडच्या संत्र्याच्या बागा, अमरावती शहर आणि आपले बडनेरे यांच्या बेरजेत विरघळतात. जिल्ह्याच्या पत्रकावर बालमृत्यूदर तर छापलेलाच नसतो. तो राज्याच्या खालच्या पातळीवर काढण्याइतका नमुना मोठा नाही.

इतिहास पाहा. पहिल्या फेरीसाठी महाराष्ट्रात चार हजारांच्या आसपास घरे पाहिली गेली. ते काम १९९३ च्या मार्चपर्यंत आटोपले. त्याच वर्षी मेळघाटातल्या कोरकू आदिवासी मुलांच्या मृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. राज्याचा अहवाल वाचून हे कुणाला कळले नसते. ते कळले पत्रकारांमुळे, कार्यकर्त्यांमुळे आणि पाड्यांत राहणाऱ्या डॉक्टरांमुळे. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे, धारणीकडे डॉ. आशिष सातव यांनी वर्षानुवर्षे काम केले. मेळघाटातली मुले त्यांना सरासरीतून दिसली नाहीत, समोर दिसली.

मोठ्या सर्वेक्षणाला जे दिसत नाही ते लहान पण चिवट अभ्यासाला दिसते, हे गडचिरोलीने जगाला दाखवले. तिथल्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की, ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा एक तरी विकार आहे. तोवर बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढाच सरकारी समज होता. पुढे ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण देऊन त्यांनी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले. त्यावरचा निबंध १९९९ चा. आज देशभरातल्या आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरावीक दिवशी भेट देतात, त्या पद्धतीचे मूळ तिथे आहे. मोजणारा आणि उपचार करणारा तिथे एकच होता, म्हणून मोजणी कागदावर थांबली नाही.

दुसऱ्या टोकाला अंगणवाडीची मोजणी आहे. पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपमधल्या नोंदींत देशातली हडकुळी मुले दहा टक्क्यांच्या आत दिसतात. कुटुंब सर्वेक्षणात ती १९ टक्के आहेत. ट्रॅकरमध्ये अंगणवाडीपर्यंत आलेली मुले येतात, सर्वेक्षणात चिठ्ठीने निघालेल्या घरातली. पण आणखी एक कारण आहे आणि ते उघड बोलले पाहिजे. ज्या सेविकेने वजन घ्यायचे, तिच्याच गावात तीव्र कुपोषित मूल सापडले तर जाब तिलाच विचारतात. मोजल्याबद्दल शिक्षा होत असेल तर वजनकाटा आपोआप नरम होतो. दोष सेविकेचा नाही, जाब विचारण्याच्या पद्धतीचा आहे. म्हणूनच बाहेरून येऊन, काही लपवण्याची गरज नसलेल्या माणसांनी केलेले सर्वेक्षण लागते आणि ते ठरल्या वेळी, कुणाच्या रागालोभाची पर्वा न करता प्रसिद्ध व्हावे लागते. कुटुंब सर्वेक्षणात खंड पडला त्या २००६ ते २०१५ या काळात महाराष्ट्राने स्वतः देवनारच्या संस्थेकडून २०१२ मध्ये पोषण सर्वेक्षण करून घेतले. त्यात दोन वर्षांखालच्या मुलांचा खुरटेपणा ३९ वरून सुमारे २३ टक्क्यांवर आलेला दिसला आणि राज्याच्या राजमाता जिजाऊ पोषण मिशनच्या कामाला बळ मिळाले. चांगली बातमीसुद्धा मोजल्याशिवाय कळत नाही.

आपले काम

मग आपण काय करायचे? चार गोष्टी सांगतो.

एक. सर्वेक्षणाच्या मुली दाराशी आल्या तर त्यांना बसायला जागा द्या आणि घरातल्या सुनेला त्यांच्याबरोबर एकटी सोडा. सासूबाईंनी उत्तरे पुरवू नयेत. नवरोबांनी चौकातून एक चक्कर मारून यावी. तिच्या उत्तराला तिच्याशिवाय दुसरा मालक नाही.

दोन. अमरावती जिल्ह्याचे पत्रक सर्वांसाठी खुले आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याचा कायदा आहे. त्या सभेत हे पत्रक मराठीत मोठ्याने वाचले जावे. आपल्या शहरी भागात महिला मंडळांनी, वाचनालयांनी, शाळांनी ते वाचावे. ज्या बाईने तासभर बसून माहिती दिली तिला ती बेरीज परत मिळणे हा तिचा हक्क आहे. तीस वर्षांत आपण तिच्याकडून घेतले खूप, परत सांगितले काहीच नाही.

तीन. जिल्ह्याच्या सरासरीवर समाधान मानू नका. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांचा वेगळा नमुना घ्यावा अशी मागणी जिल्हा परिषदेने, लोकप्रतिनिधींनी आणि आपण सगळ्यांनी करावी. नागपूरच्या झोपडपट्ट्यांसाठी २००५ साली वेगळा नमुना घेता आला, तर मेळघाटासाठी का घेता येऊ नये?

चार. हे काम कुठल्याही मंत्रालयाचे नाही, आपल्या स्वयंपाकघराचे आहे. गरोदर आणि लेकुरवाळी सून सगळ्यांच्या शेवटी, उरलेल्या पातेल्यावर जेवते ही रीत आजपासून बंद करा. तिला घरच्या माणसांबरोबर ताट वाढा, वरण आणि भाजी आधी तिच्या ताटात पडू द्या. याला सरकारी निधी लागत नाही.

सर्वेक्षणाच्या पाच फेऱ्यांचा निकाल स्पष्ट आहे. जे काम यंत्रणेने करायचे होते ते बरेचसे झाले, जे घराने आणि यंत्रणेने मिळून रोज करायचे होते ते झाले नाही. पुढच्या फेरीत महाराष्ट्रातल्या लेकराचे वजन वाढलेले दिसले नाही, तर ते अपयश कुठल्या एका खात्याच्या नावावर टाकता येणार नाही. ते आपल्या सगळ्यांच्या नावावर मांडले जाईल.